कपलिंगजवळची रेघ

“पास,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी यंत्राचा व्हॉल्व्ह सोडला. अग्निशमन केंद्राच्या आवारात लांबलचक पसरलेल्या होजमधलं, म्हणजे पाण्याच्या जाड नळीतलं, प्रेशर उतरलं.

मास्तर शाळेचे नव्हेत. अग्निशमन दलाच्या होजची परीक्षा घ्यायची, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. चाकांवरचं यंत्र घेऊन ते एकेका केंद्रावर जायचे आणि नापास करताना कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत, म्हणून हे नाव. होजमध्ये पाणी भरायचं, आतली हवा काढायची, होज टोकाच्या पितळी जोडात, म्हणजे कपलिंगमध्ये, शिरतो तिथं कडेला लागून पेन्सिलीनं रेघ मारायची आणि पाच मिनिटं प्रेशर धरायचं. मग रेघ आणि कपलिंग यांच्यात केसभर फट दिसली तरी होज बाद. आज केसभर सरकलेलं कपलिंग उद्या आगीपुढे निसटतं आणि माणसाची नडगी मोडतं.

या केंद्रावर त्यांची सख्खी भाची होती. मामाचं बघूनच ती आग विझवायच्या नोकरीत आली होती. होज गुंडाळायला ती वाकली आणि तशीच थांबली.

“मामा, ही रेघ मार्करची आहे?”

“पेन्सिल पुसली जाते.”

“इतकी वर्षं नाही पुसली ती.”

वर्षभरापासून मास्तरांना बारीक रेघ दिसेनाशी झाली होती. चष्मा दोनदा बदलून झाला, धुकं काही हटेना. दलाच्या डॉक्टरकडे जायची मात्र हिंमत होत नव्हती. दुसऱ्याला नापास करायला कोणीही शूर असतो. मग महिन्यापूर्वी त्यांनी जाड मार्कर आणला.

भाचीनं वाद घातला नाही. त्या काळ्या पट्ट्यावर, अगदी कपलिंगला लागून, तिनं पांढऱ्या पेन्सिलीनं रेघ मारली आणि पुन्हा प्रेशर द्यायला सांगितलं. पाच मिनिटांनी तिनं मामाचं बोट धरून तिथं टेकवलं. पांढरी रेघ आणि कपलिंग यांच्यामधल्या फटीत त्यांचं नख गेलं. मार्करची शाई कपलिंगखाली झिरपली होती. होज बाहेर सरकला तरी तिथं काळंच दिसत होतं.

मास्तर पायरीवर बसले. महिन्याभरात तीन केंद्रांवरचे होज त्यांनी असेच पास केले होते. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

“मी रजा काढते,” भाची हळूच म्हणाली. “आपण दोघं सगळे परत तपासू. कुणाला कळायचं नाही.”

“आणि तोवर आग लागली तर?”

मास्तरांनी फोन काढला. पहिल्या केंद्राचा नंबर त्यांना पाठ होता. या महिन्यात मी पास केलेले सगळे होज आत्ताच्या आत्ता गाडीवरून उतरवा आणि भांडारातले दुसरे चढवा, असं त्यांनी तिथल्या प्रमुखाला सांगितलं. प्रमुखाला आधी ती थट्टा वाटली. मग त्यानं विचारलं, परत तपासणार कोण?

“रेघ बघायला दुसरं कुणीतरी येईल. यंत्र मी ढकलीन.”

फोन बंद करून त्यांनी तो भाचीपुढे धरला.

“पुढचा नंबर तू लाव,” ते म्हणाले. “मला आकडे दिसत नाहीत.”