ढोल्याचं पथ्य

मी आहारतज्ज्ञ आहे. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला लागून माझी खोली. मीठ किती खायचं, साखरेकडे बघायचंही नाही, हे मी दिवसाला तीस जणांना सांगते. ते मान डोलावतात आणि खालच्या कँटीनमध्ये जाऊन हवं ते खातात. बावीस वर्षं हेच चाललंय, त्यामुळे जिभेला जी धार आलीय ती घरी आल्यावरही बोथट होत नाही.

घरात माझं ऐकणारा एकच माणूस, माझे सासरे. बाबा कारखान्यात लेथ मशीन चालवायचे, आता निवृत्त. रक्तात साखर आहे, पण थोडीशीच. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्यांनी गोडाला हात लावलेला नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. दर तीन महिन्यांनी मी त्यांच्या फायलीत "पथ्य उत्तम" असं लिहायचे आणि नवऱ्याच्या नाकापुढे धरायचे, बघ, शीक काहीतरी.

माशांची टाकी त्यांच्यासाठीच आणलेली. सासूबाईंच्या मागं घर खायला उठायचं, म्हणून. टाकीत तीन गोल्डफिश होते: ढोल्या, राणी आणि पांढऱ्या डोक्याचा टकल्या. नावं बाबांनीच ठेवलेली. जेवताना ते आपल्या ताटातले अळणी उकडलेले वाटाणे बाजूला काढायचे, अंगठ्यानं सालं सोडवायचे, बारीक तुकडे करायचे आणि टाकीपुढे खुर्ची ओढून एकेकाला एकेक तुकडा द्यायचे. कधी पालकाचं पान. ढोल्या तर त्यांच्या बोटाला ढुशी देऊन हक्कानं मागायचा.

मला ते बघवायचं नाही. घरात आहारतज्ज्ञ असताना माशांनी ताटातलं उष्टं खायचं म्हणजे काय! एक दिवस मी तडक दुकान गाठलं. दुकानदारानं विचारलं, "मासे कुठले आहेत, ताई?"

"डबीवरचं वाचता येतं मला. माझा धंदाच आहे तो," मी म्हटलं, आणि जिच्यावर प्रथिनांचा आकडा सगळ्यात मोठा होता ती दाण्यांची डबी उचलली.

घरी येऊन मी रुग्णांचं काढते तसं वजनावरून माप काढलं आणि टाकीवर कागद चिकटवला. सकाळी अर्धा चमचा, संध्याकाळी अर्धा चमचा, वाटाणे बंद. बाबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "तू शिकलेली आहेस," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते दाणे मोजून टाकायला लागले, चमचा काठोकाठ सपाट करून.

तिसऱ्या आठवड्यात ढोल्याचं पोट टम्म फुगलं. तो पोट वर करून तरंगायला लागला, सरळ व्हायला धडपडायचा आणि पुन्हा उलटा व्हायचा. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"एखादा वाटाणा देऊ का गं? मागं एकदा असंच झालं होतं, तेव्हा उतरलं होतं."

"अजिबात नाही. त्या वाटाण्यांनीच ही वेळ आणलीय."

रविवारी ढोल्या मेला. बुधवारी राणी. राणीला जाळीनं बाहेर काढताना मी जे बोलले ते आजही माझ्याच कानात घुमतं. "बघितलंत? वर्षानुवर्षं उष्टं घातलंत. तुमच्या लाडांनी मारलं त्यांना."

नवरा म्हणाला, "अगं, जरा जपून बोल." मी म्हटलं, खरं तेच बोलले. बाबांनी आपली खुर्ची उचलली, खिडकीपाशी नेली आणि टाकीकडे पाठ करून बसले. त्या दिवसापासून टकल्याचे दाणे मी टाकायला लागले.

दहा दिवसांत टकल्याही फुगला. आता दाणे मीच टाकत होते, बाबांवर खापर फोडता येईना, म्हणून मी डबी घेऊन दुकानदाराशी भांडायला गेले. त्यानं डबी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"गोल्डफिश आहेत होय तुमच्याकडे? ताई, हे दुसऱ्या माशांना खाणाऱ्या माशांचं खाणं. गोल्डफिशला एवढं पचत नाही, त्यांना पाला लागतो. आणि दाणे कोरडेच टाकत होतात? ते पोटात जाऊन फुगतात. दोन दिवस उपाशी ठेवा, मग उकडलेला वाटाणा द्या, साल काढून. त्यासारखा उपाय नाही."

"आधी वाटाणेच खायचे," मी म्हटलं.

"मग बदललंत कशाला?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ही म्हण मी आजवर दुसऱ्यांनाच ऐकवत आले होते. घरापर्यंतची वाट चालताना ती प्रत्येक पावलाला मला टोचत होती.

दोन दिवस मी टकल्याला उपाशी ठेवलं आणि खरं सांगायचं तर स्वतःचं तोंडही बंद ठेवलं. धीरच होत नव्हता. तिसऱ्या दिवशी वाटाणे उकडले आणि वाटी घेऊन बाबांपुढे उभी राहिले.

"बाबा, सोलून देता? टकल्यासाठी."

त्यांनी हात मांडीखाली घेतले. "माझ्या हातानं नको, सूनबाई. एकच उरलाय."

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. डबी, दुकानदार, कोरडे दाणे. "तुमचंच बरोबर होतं. ढोल्या आणि राणी माझ्यामुळे गेले. तुमच्यामुळे नाही."

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. ते वाटीकडे बघत राहिले.

"माशांचं कळलं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्या हातालाच गुण नाही. तुझ्या सासूचं गोड तू बंद केलं होतंस, तरी शेवटच्या संध्याकाळी मीच तिला गोड बिस्किटं दिली होती ना, तुझी नजर चुकवून. सकाळी ती गेली."

त्या सकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यांनी मला हेच विचारलं होतं, "बिस्किटांनी झालं का गं?" आणि मला उत्तर ठाऊक होतं. आदल्याच दिवशी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, हृदय पार थकलंय, एकदोन दिवसांचा प्रश्न आहे, आता मागतील ते खाऊ द्या. पण रात्रभराच्या जागरणानं मी वैतागलेली होते. मी म्हटलं, "झालं ते झालं, बाबा. आता निदान स्वतःचं पथ्य तरी पाळा." त्यांनी ते पाळलं. ते कशाच्या भीतीनं पाळतायत हे मला दिसत होतं, आणि औषध लागू पडतंय म्हणून मी ते चालू ठेवलं.

"आईंना बिस्किटांनी काही झालं नव्हतं," मी म्हटलं. "डॉक्टरांनीच सांगितलं होतं, मागतील ते द्या म्हणून."

"कधी?"

"आदल्या दिवशी."

त्यांनी मान वर केली. "मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा वैतागले होते. आणि नंतर तुम्ही पथ्य पाळायला लागलात." हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला माझीच किळस आली.

"पथ्य नव्हतं ते, पोरी," बाबा म्हणाले. "तिला मारून मी कुठल्या तोंडानं गोड खाणार होतो?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, खुर्ची पुन्हा टाकीपाशी ओढली आणि एक वाटाणा उचलला. साल काही केल्या सुटेना. शेवटी तुकडा पाण्यात पडला, आणि टकल्या तिरपा तिरपा पोहत त्याच्याकडे आला.

मी आत जाऊन चहा टाकला. बाबांच्या कपात अर्धा चमचा साखर घातली. तेवढी त्यांना चालते. चारही वर्षं चालली असती. कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "साखर घातलीय, बाबा. घ्या."

त्यांनी एक घोट घेतला, तो बराच वेळ तोंडात धरला, आणि कप माझ्याकडे सरकवला.

"नको गं," ते म्हणाले. "आता जात नाही घशाखाली."