मढवून आणलेला फोटो

एसटी मेडशीला थांबली तेव्हा देवमनचं रडून झालं होतं. आता बापाला धीर द्यायचा, एवढंच उरलं होतं. पिशवीत मायचा मढवलेला फोटो होता. त्याच्या पदवीच्या दिवशी मायलेकांनी काढलेल्या फोटोतून त्याने काल नागपूरला बर्डीवरच्या स्टुडिओत एकट्या मायचा मोठा करून घेतला होता.

तार काल सकाळी नागपूरला पोचली होती. ‘आई सिरियस, लगेच ये.’ आमच्या मुलखात तारेत ‘गेली’ असं कोणी लिहीत नाही. माणूस वाटेत कोसळू नये म्हणून ‘सिरियस’ लिहायचं आणि वाचणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं. देवमन समजला. चौऱ्याहत्तरचा मे महिना, अशा उन्हात मयत ठेवून माती कोण थांबवणार? तोंडही दिसायचं नाही, मग घाई कशाची? दुपारी विद्यापीठात, विभागापुढे, तीन वर्षांचं काम मांडायचं होतं. डोळे पुसून त्याने ते मांडलं.

काम असं होतं. फार जड तारा स्वतःतच कोसळला की त्याच्याभोवती एक वेस तयार होते. वेशीच्या आतून उजेडही परतत नाही, म्हणून आतली खबर कधी लागत नाही. पण गुरुत्वाचे नियम वेगळे असले, उजेडाहून चपळ असं काही असलं, तर ती वेस आत सरकते आणि थोडी खबर बाहेर येते. मात्र तेव्हाही परिणाम कारणाच्या आधी घडत नाही, हे देवमनने गणिताने दाखवलं होतं. मागे मायला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली होती.

“पेरल्याआंधी उगवत नाही, हे सांगाले तुले सरकार पैसे देते?”

घराच्या अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. देवमन चरकला. माय ओसरीवर निजवलेली होती.

“बा, कालपासून ठेवली?”

“काल कायले?” उकंडराव म्हणाले. “आज तांबडं फुटलं तवा गेली. कालचा दिवसभर इचारत होती, देवमन कुठवर आला म्हून.”

“पण तार...”

“तार मीच लिहाले लावली. जसं होतं तसंच लिवलं.”

छप्पन साली नागपूरला जाऊन उकंडरावांनी पंचशील घेतलं होतं. खोटं बोलणार नाही, हे त्यातलंच एक. हा माणूस तारेतही खोटं लिहिणार नाही, हे जगात दुसऱ्या कोणाला नाही तरी देवमनला ठाऊक असायला हवं होतं. कालच्या दुपारच्या गाडीने निघाला असता, तर माय त्याच्याशी बोलली असती. तो मायच्या उशाशी बसला. पिशवी कलंडली आणि फोटो बाहेर आला.

उकंडरावांनी तो उचलला. काचेवरून हात फिरवला.

“हा कवा मढवला?”

देवमनला खोटं बोलता आलं असतं.

“काल.”

“काल तं ते जिती होती, बापू.”

एवढंच बोलून उकंडराव आत गेले. फोटो त्यांनी धान्याच्या कोठीवर पालथा ठेवला आणि बाहेर येऊन तिरडीची दोरी आवळायला बसले.

“उद्या लावू,” ते म्हणाले. “आज आंधी तिले पोचवू.”