ओलं पोतं

मावशींनी आणखी एका पिशवीतली माती बोटानं उकरली. बी पेरलं होतं तसंच. नखानं दाबलं, तर आत नुसता भुसा.

तीनशे पिशव्या, आणि रानजायफळाचं एक रोप नाही. सलग तिसरं वर्ष. वनखात्याच्या साहेबांनी बजावलं होतं, पुढच्या खेपेलाही उगवलं नाही तर रोपवाटिका बंद, आणि मावशींनी तिथली खोलीही सोडायची.

मावशींचा संशय दिरावर होता. नवरा होता तोवर बी तो आणायचा आणि रोपं दाटीवाटीनं यायची. तो गेला, काम धाकट्याकडे आलं. याचं बी कसं, तर स्वच्छ, खडखडीत, कापडी पिशवीत, वाण्याकडून आणल्यासारखं. वर गोड बोलणं. ताजं बी परस्पर विकून जुनं आपल्या गळ्यात मारतो, हे मावशींनी पक्कं धरलं. म्हणून यंदा फळं पडल्यावर त्या गुपचूप त्याच्या मागावर गेल्या.

ओढ्याकाठच्या दलदलीत ती झाडं उभी होती. मुळांनी श्वासासाठी चिखलातून गुडघे वर काढलेले. दीर त्यातून वाकून फळं वेचत होता. बीवरचं लाल जाळं सोलायचा, बी धुवायचा, खडकावर उन्हात मांडायचा. मावशी दुपारपर्यंत झाडाआड उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक काही येईना. पायाला मात्र दोन जळवा लागल्या.

शेवटी त्या पुढे झाल्या. "हे काय चाललंय, भाऊजी?"

तो दचकला. "वाळवतोय, वहिनी. आठ दिवस ऊन दिलं की टिपूस राहत नाही."

"पण कशाला?"

"दादा ओलं पोतं आणायचा, तेव्हा तुम्ही केवढ्या कावायचात. घरभर चिखल केला म्हणून. म्हटलं, आपल्यामुळे तरी तुम्हाला ताप नको."

मावशी खडकावर टेकल्या. वीस वर्षं नवरा एकच सांगत आला होता, ह्या बीला ओलंच लागतं गं, वाळलं की मेलं. आणि वीस वर्षं त्यांना ती आळशाची सबब वाटली होती.

संध्याकाळी दीर खोलीच्या दाराशी थबकला. पाठीवरचं पोतं गळत होतं, आत ओल्या चिखलात आजचं बी. खोलीतली फरशी सकाळीच पुसलेली.

"बाहेरच ठेवू का, वहिनी?"

"आत आणा. उजाडताच पेरू."

पोतं टेकलं. चिखलाचा ओघळ फरशीवरून निघाला, खुंटीवरच्या नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याखाली येऊन थांबला. मावशींनी सवयीनं फडकं उचललं, क्षणभर हातात धरलं, आणि परत जागेवर ठेवलं.