सत्काराच्या यादीतलं शेवटचं नाव

स्नेहल मॅडमनी माइकवरून अकरावं नाव पुकारलं, तशी पहिल्या रांगेतली आणखी एक टोपी उठून व्यासपीठाकडे चालू लागली. शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो. फोटो नीट आला नाही म्हणून शाल काढून पुन्हा पांघरण्यात आली. सव्वातीन वाजले होते.

मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शालेय व्यवसाय कल्पना स्पर्धा'. नऊ मुलं आपापली कल्पना परीक्षकांपुढे मांडणार होती, प्रत्येकी पाच मिनिटं. स्नेहलने दोन महिने खपून त्यांची तयारी करून घेतली होती. पण प्रमुख पाहुणे पुण्याहून यायलाच दोन तास उशीर झाला, आणि आले ते पाच जणांना घेऊन. आपल्याकडे पाहुण्याचा सत्कार करायचा, मग सत्कार करणाऱ्याचाही करायचा. एखादा राहिला तर तो वर्षभर तोंड फुगवून बसतो. मुलं सकाळपासून सतरंजीवर मांडी घालून बसली होती, पण त्यांच्या रुसण्याला कोण भितो?

दुसरा नंबर आरोहीचा होता. दहावीतली, पश्चिमेकडच्या डोंगरातून रोज एसटीने येणारी. तिने बांबूच्या कामट्यांची हातभर झोपडी केली होती आणि वर पॉलिहाउसचा जुना प्लास्टिकचा कागद ताणून बसवला होता. तिच्या वाडीत उन्हाळ्यात हिरडा गोळा करून अंगणात वाळत घालतात, आणि वळवाची एक सर आली की सगळा काळा पडतो, भाव जातो. इकडे शाळेच्या गावी, पिंपळवंडीला, पॉलिहाउसचा फाटका कागद बांधावर फेकून देतात. तो डोंगरात न्यायचा, वाडीवाडीत अशा झोपड्या उभारायच्या आणि हिरडा त्यांत वाळवायचा. कल्पना एवढीच, पण तिची तिने शोधलेली.

तिचा बाप भिमाजी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. दहावी झाली की पोरीला घरी बसवायचं त्याने ठरवलं होतं. स्थळंही यायला लागली होती. स्नेहल तीनदा वाडीवर जाऊन आली, तेव्हा कुठे तो म्हणाला होता, "बगतो तिथं यून. समद्यांम्होरं नीट बोलली, तर धाडतो अकरावीला."

आता तोच भिमाजी उठला होता आणि पोरीचं दप्तर त्याच्या हातात होतं. स्नेहल माइक सोडून धावत मागे आली.

"मॅडम, निघतो आमी. चारची गाडी चुकली तर मंग गाडी न्हाई."

"भाऊ, पंधरा मिनिटं थांबा. हे संपलं की दुसरी आरोहीच."

"दुपारधरनं त्येच चाललंय नव्हं?"

आरोही दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग इथल्या कुणालाही सुचलं असतं तेच स्नेहलला सुचलं. मानाचं बोलावणं टाकून कोणी उठून जात नाही. टेबलावर एक शाल उरलेली होती. तिने परत जाऊन माइक हातात घेतला.

"दुर्गम भागातून खास आलेले आपले पालक, श्री. भिमाजी भवारी यांचा सत्कार प्रमुख पाहुण्यांनी करावा, अशी मी विनंती करते."

भिमाजीच्या हातातलं दप्तर खाली पडलं. सदरा ओढून नीट करत तो पुढे गेला. शाल पांघरली गेली, फोटो निघाला. दोन मिनिटांत आटोपलं असतं. पण पाहुण्यांना भरून आलं. त्यांनी माइक मागून घेतला, भिमाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या लहानपणच्या अनवाणी पायांपासून सुरुवात केली. डोंगरातला माणूस कसा निर्मळ असतो, हे ते वीस मिनिटं सांगत राहिले. मग त्यांनी घड्याळ बघितलं. मंचरला लग्न होतं.

मुख्याध्यापकांची धांदल उडाली. नऊही मुलांना ओळीने वर बोलावून सहभागाची प्रमाणपत्रं वाटायला त्यांनी सुरुवात केली.

"सर, एकीला तरी बोलू द्या. पाचच मिनिटं."

"मुलांचं उद्या वर्गात घेऊ, मॅडम. पाहुणे उभे आहेत."

आरोहीने एका हाताने प्रमाणपत्र घेतलं. दुसऱ्या हातात झोपडी होती.

स्नेहल बापलेकीच्या मागोमाग एसटीच्या थांब्यापर्यंत गेली. भिमाजीने शाल काढली नव्हती.

"आमच्या वाडीत आजवर कुनाला आशी शाल मिळाली न्हाई. लई मान केला तुमी. पोरगीबी वर गेली, कागद घेतला. समदं बगितलं मी. भरून पावलो. आता दहावी झाली की बास."

"अहो, पण ती बोललीच नाही अजून!"

भिमाजी हसला. "बोलती की. घरात लई बोलती."

हे तो कौतुकाने म्हणाला. स्नेहलने रागवायचं तरी कोणावर? एसटी आली. शाल बघून आतल्या लोकांनी भिमाजीला सरकून जागा दिली. आरोही पायरीवर थांबली.

"मॅडम, बाबांचं नाव यादीत तुमीच घातलं ना?"

स्नेहलला खोटं बोलता आलं नाही. "हो."

आरोहीने वळून आत पाहिलं. भिमाजी शेजारच्याला शालीचा काठ दाखवत होता.

"लई खूश हायेत," ती म्हणाली, आणि आत जाऊन त्याच्याजवळ बसली.