डेअरीवरचे एकोणीस बिबटे

माझ्या नकाशावर एकोणीस बिबटे एकाच जागी बसले होते, आणि ती जागा म्हणजे उज्ज्वलावहिनींची दूध डेअरी.

बिबटे म्हणजे लाल खुणा हो, आमच्या धंद्यात मार्कर म्हणतात त्याला. कुणाला बिबट्या दिसला की त्याने मोबाईलवर एक बटण दाबायचं, की नकाशावर लाल खूण उमटलीच. खुणा फार जवळजवळ आल्या तर त्यांचा मिळून एक मोठा लाल गोळा होतो आणि गोळ्याच्या पोटात आकडा दिसतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डेअरीवरचा आकडा चार होता. महिनाअखेर एकोणीस.

हा उद्योग माझाच. कुणी सांगितला नव्हता. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून असलेच नकाशे करते. मूळची हडपसरची. लग्न होऊन निरगुडसरच्या शिवारातल्या या मळ्यात आले त्याला चार वर्षं झाली. इथे दर दोन दिवसांनी ग्रुपवर निरोप यायचा, "बिबट्या आलाय, सावध राहा." कुठे आलाय, किती वाजता आलाय, काही पत्ता नाही. माझं डोकं फिरायचं. शेवटी एका रविवारी बसले आणि करून टाकला नकाशा. खाली उपग्रहाचा फोटो, त्यावर उसाचा हिरवा थर, ओढ्या-विहिरींचा निळा थर, गटांच्या हद्दींचा पांढरा थर आणि सगळ्यांच्या वर बिबट्याच्या लाल खुणा. जो थर हवा तो चालू करा, नको तो बंद करा. वस्तीने नकाशा डोक्यावर घेतला. माझे सासरे कुंडलिकमामा चार लोकांत "आमच्या सूनबाईचा नकाशा" म्हणायला लागले. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू?

आणि त्याच नकाशाने वहिनींच्या पोटावर पाय आणला.

उज्ज्वलावहिनी आमच्या शेजारच्या. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये त्या दूध संघाचं केंद्र चालवतात. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ, सगळ्या मळ्यांवरचं दूध तिथे येतं. त्यांचं घर, दोन पोरींचं कॉलेज, सगळं त्या शेडवर. पण लाल गोळा मोठा होत गेला तशी माणसं कमी होत गेली. चाळीसजण यायचे ते पंधरावर आले. बाकीचे लोणी गावातल्या केंद्रावर दूध घालायला लागले. मंगळवारी संघाचे सुपरवायझर ज्ञानेश्वर येऊन सांगून गेले, की शुक्रवारी सकाळी मी स्वतः येऊन बघतो; माणसं आली तर ठीक, नाही आली तर हे केंद्र बंद करून लोणीला जोडावं लागेल.

त्या दुपारी वहिनी आमच्या दारात आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"आरती, माज्या दारात बिबट्या तू आणून बांधलास."

"वहिनी, खुणा मी नाही टाकत. लोक टाकतात."

"लोकांचं नको सांगू मला. माजं कुत्रं रोज रातच्याला त्या शेडच्या दारात झोपतंय. वरसभर झोपतंय. एवढे बिबटे माज्या डेअरीवर येत असतील तर कुत्रं ऱ्हायलं असतं का? तुजा नकाशा शाणा का माजं कुत्रं शाणं?"

बिबट्या वस्तीत शिरला की आधी कुत्रं उचलतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. वहिनी गेल्या, आणि मला जेवण गेलं नाही. एका बाईचं केंद्र बंद पडणार ते मी रविवारी हौसेने केलेल्या कामामुळे, हे मला सहनच होईना.

लॅपटॉप उघडला. इतके दिवस मी खुणा कुठे आहेत तेच बघत होते. आता किती वाजताच्या आहेत ते बघायला एक नवा थर केला. एकोणीसच्या एकोणीस खुणा सहा ते आठमधल्या. सकाळचे नाहीतर संध्याकाळचे. बिबट्याला डेअरीची वेळ पाठ होती! मग नकाशा होईल तेवढा मोठा केला. गोळा फुटला आणि एकेक खूण सुटी झाली. सात खुणा शेडसमोरच्या ओट्यावर, मोटारसायकली लावतात तिथे अकरा, आणि एक तर थेट शेडच्या आत, जिथे दुधाची फॅट मोजायचं मशीन ठेवलंय तिथे. म्हणजे बिबट्या दुधाची फॅट लावायला आला होता की काय?

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. खुणा कुणी टाकल्यात ते बघितलं. एकोणिसांतल्या तीन आमच्या घरच्या. मामांच्या मोबाईलवरून.

मामा बाहेर ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसले होते.

"मामा, सत्तावीस तारखेला बिबट्या तुम्ही कुठे पाहिलात?"

"खालच्या मळ्यात. वढ्याच्या कडंला. मोटर चालू कराया गेलो व्हतो."

"मग खूण डेअरीवर कशी?"

"डेअरीवं गेल्यावर दाबलं ना बटण."

"तिथेच का नाही दाबलं?"

मामांनी नळी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारत होते की या पोरीला पगार कोण देतं.

"म्हंजी बिबट्याला म्हणायचं, थांब रं जरा, सूनबाईचं बटण दाबतो? आगं, एक तर तितं रेंज न्हाई. पळत घरी आलो, किटली घेतली, डेअरीवं गेलो. समद्यांना सांगितलं. मंग कुनीतरी म्हनलं, बटण दाबा की. मंग दाबलं. समदेच तसं करत्यात."

सगळेच तसं करतात. या वस्तीत काहीही घडलं की ते आधी डेअरीवर सांगायचं असतं, मग बाकीचं. आणि माझं बटण मोबाईल ज्या जागी असेल ती जागा उचलत होतं. कुणी बिबट्या कुठेही बघू दे, खूण पडायची ती गप्पांच्या ओट्यावर. चार वर्षं मी त्याच ओट्यावर उभी राहून दूध घालतेय, आणि बटण दाबणारा माणूस तेव्हा कुठे उभा असेल हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मी मटकन खाली बसले आणि हसत सुटले. छातीवरचं ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं इतकं हलकं वाटलं. मामा म्हणाले, "ही काय, यडी झाली का काय?"

वहिनींना सांगायला धावले. त्या हसल्या नाहीत. "मला सांगून काय उपेग? मला ठावंच व्हतं. लोकांना सांग."

बरोबर होतं त्यांचं. मी सगळ्यांना फोन केले आणि गुरुवारी संध्याकाळी डेअरीवर बोलावलं. लॅपटॉप फॅटच्या मशीनशेजारी ठेवला. खुणा बोटाने सरकवता येतील अशी सोय करून घेतली होती. म्हटलं, ज्याने त्याने आपापला बिबट्या खरा दिसला तिथे नेऊन ठेवा.

पण फोटोत कुणाला आपलं रानच ओळखू येईना. उपग्रहाने वरून काढलेला फोटो, सगळीकडे नुसतं हिरवं आणि तपकिरी. मग मी विहिरींचा निळा थर चालू केला आणि झुंबरबाई ओरडल्या, "आगं बया, ही माजी हीर!" झालं. त्यांच्या विहिरीवरून शेजारच्याने आपली चिंच ओळखली, चिंचेवरून कुणी आपला गोठा. झुंबरबाईंनी आपला बिबट्या सावकाश उचलून विहिरीमागच्या उसात नेऊन ठेवला, आणि "बस तितं," म्हणाल्या.

पुढचा नंबर चिमाजीभाऊंचा. त्यांनी आपली खूण सरकवली आणि बांध ओलांडून पलीकडे नेली. पलीकडचं रान सावळेरामभाऊंचं. ते मागेच उभे होते.

"ए, माज्या रानात कुटं टाकतो? तुज्या उसातून निघाला व्हता त्यो."

"निघाला माज्यातून आसंल, बसला तुज्यात व्हता."

"माज्यात बसाया जागा कुटं हाय? मी तर कांदा लावलाय!"

मी शहाणपणा करून गटांच्या हद्दींचा पांढरा थर चालू केला. वाटलं, रेघ दिसली की वाद मिटेल. रेघ दिसली आणि दोघांचा वीस वर्षांचा बांधाचा वाद जिवंत झाला. बांध कुणी कोरला, दगड कुणी हलवला, मोजणीवाला कुणाच्या घरी जेवला, सगळं निघालं. बिबट्या राहिला बाजूला. मी घाईघाईने तो थर बंद करून टाकला. मामा पुढे झाले, "बिबट्याला काय सातबारा लागतो का रं? ठेव बांधावर. दोगांचा." दोघेही कुरकुरले, पण खूण बांधावर ठेवली.

आठ वाजेपर्यंत गोळा संपला. डेअरीवर एकही लाल खूण उरली नाही, नुसता शेडचा चकचकीत पत्रा. मी वहिनींकडे बघितलं. त्या पदराने तोंड पुसत होत्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण लोक स्क्रीनवर वाकून बघत होते. खुणा आता ओढ्याच्या कडेने एका ओळीत लागल्या होत्या. त्याच कडेने पाणंद येते. आणि त्याच पाणंदीने सगळे रोज अंधारात दूध घेऊन डेअरीवर येतात.

"म्हंजी आमी रोज त्याच्याच वाटंनं येतो," झुंबरबाई हळूच म्हणाल्या.

एकेकजण किटली उचलून, टॉर्च लावून, मागेपुढे बघत निघून गेला. शेवटी वहिनी म्हणाल्या, "उद्या येतील का गं?" मी लॅपटॉप मिटला. डेअरी लाल खुणांतून सुटली होती, पण डेअरीची वाट मीच त्यांना लाल करून दाखवली होती.

शुक्रवारी सहाला मी जाऊन उभी राहिले. ज्ञानेश्वर मोटारसायकल लावून आधीच आले होते. वहिनींनी मशीन धुऊन ठेवलं होतं, कॅन उघडून ठेवले होते. आम्ही दोघी पाणंदीकडे बघत होतो. सव्वासहा झाले. रोज या वेळेला चार-सहा टॉर्च तरी हलताना दिसतात. आज एक नाही. साडेसहा झाले, उजाडायला लागलं, पाणंद मोकळीच.

ज्ञानेश्वर अवघडून म्हणाले, "वहिनी, मला पण वर उत्तर द्यावं लागतं हो."

वहिनी आत गेल्या आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून मी त्यांचं उरलंसुरलं घालवलं होतं.

तेवढ्यात मागून, डांबरी रस्त्याच्या बाजूने ट्रॅक्टरचा आवाज आला. आवाजात आवाज मिसळून मोबाईलवरची गाणी, किटल्यांचा खणखणाट, बायकांचं बोलणं. वळणावरून ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत बायका-माणसं दाटीवाटीने बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर किटली नाहीतर कॅन. लोणीला जाणारेही होते त्यात. ट्रॅक्टर सावळेरामभाऊ चालवत होते आणि मडगार्डवर चिमाजीभाऊ बसले होते.

"उशीर झाला जरा," चिमाजीभाऊ उतरत म्हणाले. "पाणंदीचं वंगाळ दिसलं ना नकाशात. मंग ठरवलं, समद्यांनी मिळून डांबरीनं यायचं. दोन किलोमीटर लांब पडतंय, पडू दे. रोज एकाचा ट्रॅक्टर."

झुंबरबाईंनी ट्रॉलीतूनच हाक मारली, "उज्जे, दूध घेशील ना गं? का येळ झाली म्हणून परत धाडशील?"

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. ज्ञानेश्वरांनी ट्रॉलीकडे एकदा बघितलं, हातातलं हेल्मेट ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाका. मी जरा बसतो."

मी तशीच उभी. वहिनींची नजर माझ्याकडे वळली. मंगळवारपासून त्या माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या.

"उभी काय ऱ्हायलीस नुसती? किटल्या उतरव की!"

मी धावले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि मी रडत-हसतच झुंबरबाईंची किटली खाली घेतली.