अनोर वाचावी म्हणून

कोबिलजानवर मी जळायचो. आता कबूल करायला काही वाटत नाही, पण त्या वर्षी माझ्या तोंडावर कुणी असं म्हटलं असतं तर हातातला रंधा फेकून मारला असता.

एकतीस वर्षं अनोरच्या मागे हाडं झिजवली मी. अनोरबोद हे आमचं गाव आणि अनोर हा गावचा फुटबॉल क्लब. अनोर म्हणजे डाळिंब, म्हणून डाळिंबी सदरे, छातीवर एक डाळिंब. मी पाळणे बनवतो, तुतीच्या लाकडाचे. गावातलं प्रत्येक दुसरं पोर माझ्या पाळण्यात झोपलंय, अनोरचा गोलकीपरसुद्धा. क्लब खालच्या लीगमध्ये होता तेव्हा सामन्याला सत्तावीस माणसं यायची. मी मोजायचो ना! मैदानावर चुन्याच्या रेघा मी ओढायचो, गोलची जाळी फाटली की मी शिवायचो, आणि खेळ चालू असताना कुणाची गाय आत शिरली तर तिला हाकलायलाही मीच. परगावी सामना असला की बसमध्ये चालक, पंधरा खेळाडू, एक प्रशिक्षक आणि नुरमत-अका. नुरमत-अका म्हणजे मी. गावातले धाकटे सगळे मला अका, म्हणजे दादाच म्हणतात.

आणि मग अनोर वरच्या लीगमध्ये चढली. त्या दिवशी मी लहान पोरासारखा रडलो. माझ्या आयुष्यात आता काही मागायचं उरलं नाही, असं हनिफाला, म्हणजे बायकोला, सांगितलंही. तीन महिन्यांत घास घशाखाली उतरेना.

कारण हा कोबिलजान. बारा वर्षं कोरियात कारखान्यात होता. परत आला तो एक भलामोठा ढोल घेऊन. वय पंचेचाळीस, आवाज असा की पलीकडच्या मोहल्ल्यातली कुत्री गप्प बसावीत. पहिल्याच सामन्याला नऊ हजार माणसं आली आणि त्या नऊ हजारांसमोर हा उभा राहिला, पाठ मैदानाकडे आणि तोंड लोकांकडे. खेळ बघतच नव्हता गडी! लोकांना ओरडायला शिकवत होता. आणि लोक शिकत होते. दुसऱ्या सामन्याला त्याने गाणी बांधून आणली. तिसऱ्या सामन्याला पोरं त्याच्याभोवती गोळा होऊन चालायला लागली. चौथ्या सामन्यानंतर क्लबच्या अध्यक्षाने त्याला मैदानात बोलावून सगळ्यांसमोर मिठी मारली. मला एकतीस वर्षांत एका अध्यक्षाने मिठी मारली नाही. एकाने तर मला माळी समजून पाण्याची नळी हातात दिली होती.

बरं, माणूस वाईट असता तरी चाललं असतं. वाईट माणसावर जळायला काही लागत नाही. पण हा गोड. वरच्या लीगमध्ये बाकांवर आकडे पडले आणि माझ्या जागेवर, चिनाराच्या सावलीतल्या तिसऱ्या रांगेत, कुणीतरी फरगानाहून आलेला जाडजूड गृहस्थ तिकीट घेऊन बसला. कोबिलजानने त्याला हात जोडून उठवलं. "हे नुरमत-अका आहेत," म्हणाला, "हे नसते तर ही अनोर कधीच वाळून गेली असती." सगळी रांग टाळ्या वाजवायला लागली. टाळ्या माझ्यासाठी होत्या असं तुम्हाला वाटेल. लोक बघत होते त्याच्याकडे.

शरद ऋतू लागला तशी अनोर हरायला लागली. सोळा संघांत आम्ही चौदावे, आणि शेवटचे तीन खाली जाणार. चहाखान्यात दुसरा विषय नव्हता. हिरवा चहा थंड होऊन जायचा आणि मिरसालिम न्हावी टेबलावर जर्दाळूच्या बिया मांडून हिशेब करायचा.

"हे बघा, आपण एक बरोबरीत सोडवला, सोयकेंतवाले हरले, आणि बोगिस्तोनच्या गोलकीपरला गोवर आला, तर आपण वाचतो."

"आणि आपल्या पोरांनी गोल केला तर?" कुणीतरी विचारलं.

"अशक्य गोष्टी हिशेबात धरायच्या नसतात," मिरसालिम म्हणाला.

सगळे हसले. पण हसणं वरवरचं होतं. खाली गेलो तर चांगले खेळाडू पळणार, बस बंद होणार, पोरं परत दुसऱ्यांच्या शहरांचे सदरे घालणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मिरसालिमला रात्रभर झोप लागत नव्हती. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांचे कान त्याने कापले.

आणि मी? मी त्यांच्यात बसून मान हलवत होतो. आतून मात्र मला गुदगुल्या होत होत्या. अनोर खाली गेली की हे नऊ हजार जाणार. ढोल जाणार. चिनाराखालची जागा परत माझी आणि चुन्याची बादलीही माझीच. असा विचार पहिल्यांदा मनात आला तेव्हा मी थुंकलो आणि तोबा केली. दुसऱ्यांदा आला तेव्हा थुंकलो नाही.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर, शनिवारी, बोगिस्तोनशी. तोवर सोयकेंतवाले हरले होते, त्यामुळे बरोबरी झाली तरी पुरे. मी मिरसालिमला आठवडाभर आधी म्हटलं होतं की खुदोयी करू या. मेंढा कापू, गावाला जेवू घालू, दुवा मागू, संकट टळेल. तो "बघू, बघू" म्हणाला आणि बिया मांडत राहिला. मग बुधवारी कोबिलजान उठून म्हणाला, "खुदोयी करू या का?" आणि सगळा चहाखाना "वा, क्या बात है" करत उभा राहिला. मिरसालिम तर म्हणाला, "आम्हाला कसं सुचलं नाही!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलणार काय?

मेंढा कोबिलजाननेच आणला. शुक्रवारी नमाजानंतर त्याच्या अंगणात दोन मोठ्या कढया चढल्या. पिवळी गाजरं चिरायला मी बसलो, कारण हात रिकामे ठेवले असते तर काहीतरी बोलून गेलो असतो. पुलाव उतरला, लांबलचक दस्तरखान अंथरलं, खेळाडू आले, म्हातारे आले. कोबिलजानने मला हाताला धरून दाराच्या समोर, मानाच्या जागी बसवलं आणि स्वतः शेजारी बसला.

"दुवा नुरमत-अका मागतील," त्याने जाहीर केलं. "त्यांच्यापेक्षा जुना अनोरवाला इथे कोण आहे?"

माझ्यावर उपकार करत होता. सगळ्यांनी तळवे वर केले. मीही केले. शंभर-दीडशे माणसं, त्यात ते डाळिंबी सदऱ्यातले पोरगे, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सुरुवात केली. आजाऱ्यांना बरं वाटू दे. परदेशी गेलेल्यांना सुखरूप परत आण. झाडांना फळ दे, पाळण्यांत लेकरं दे, गावात भांडण होऊ देऊ नकोस. ज्याच्या अंगणात बसलो त्याच्या घराला बरकत दे. एवढं म्हणून मी थांबलो. अनोरचं नाव जिभेच्या टोकावर होतं. मी ते गिळलं.

"ओमिन," मी म्हणालो आणि तोंडावरून हात फिरवले. "ओमिन," दीडशे तोंडं म्हणाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुवेच्या वेळी माणूस शब्द ऐकत नाही, आपापलं मनात मागत असतो.

घरी पोचलो तर हनिफा दारात उभी. दुवेच्या वेळी ती बायकांबरोबर कोबिलजानच्या आतल्या खोलीत होती, पडद्यामागे.

"तुम्ही अनोरचं नाव घेतलं नाहीत," ती म्हणाली.

"घेतलं की."

"नाही घेतलं. मी वाट बघत होते. विसरलात का?"

"वय झालं माझं," मी म्हणालो.

पस्तीस वर्षांचा संसार आहे, तिला काय सांगायचं! "उद्या सकाळी उठून मागा," एवढं बोलून ती आत गेली. सकाळी मी मागितलं नाही.

सामन्याचं काय सांगू? अठ्ठ्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य. आमच्या पोरांनी जिवाचं रान केलं. कोबिलजानचा ढोल एकदाही थांबला नाही. मी चिनाराखाली बसून सगळ्यांबरोबर ओरडत होतो आणि मनात म्हणत होतो, एक, फक्त एक. एकोणनव्वदाव्या मिनिटाला बोगिस्तोनच्या एका काटकुळ्या पोराने लांबून चेंडू मारला. चेंडू आमच्याच माणसाच्या पाठीला लागला आणि गोलात गेला. माझ्या पाळण्यात झोपलेला गोलकीपर भलत्याच बाजूला पडलेला होता.

एक श्वासभर मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला. मग ढोल थांबला. मिरसालिम तोंडात टोपी धरून रडत होता. तो गोलकीपर उठेचना, त्याला दोघांनी धरून नेलं. शिटी झाली. अनोर खाली गेली होती.

तीन दिवसांनी कोबिलजान माझ्या कारखान्यात आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. माझ्या समोरच्या ओंडक्यावर बसला. चहा दिला, तो प्याला नाही.

"अका, एक सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगायची छाती नाही."

"बोल."

"अनोर मी बुडवली."

मी रंधा खाली ठेवला.

"त्या मेंढ्याचा कान फाटका होता," तो म्हणाला. "डावा. अर्धा कान नव्हताच. बाजारात बघितलं होतं मी. पण दुसरा चांगला मेंढा मिळेना, शुक्रवार तोंडावर आला होता, म्हटलं, कोण बघतंय. कापायच्या आधी डोक्याला फडकं गुंडाळलं. अंगात खोट असलेलं जनावर चालत नाही, आणि तेच मी अल्लाच्या नावाने कापलं, अका. तुम्ही एवढी सुंदर दुवा मागितलीत आणि माझ्या एका लबाडीने सगळं फुकट घालवलं. एकतीस वर्षं तुम्ही जपलेलं घर मी दहा महिन्यांत पाडलं."

तो रडायला लागला. आणि मला काय वाटलं, सांगू? दया यायला हवी होती. मला राग आला. मस्तकात गेला राग! ढोल याचा, गाणी याची, मिठी याची, खुदोयीसुद्धा माझी असून याची झाली. आणि आता अनोर बुडवल्याचं पापही हाच घेऊन जाणार? गावाला कळलं असतं तर गावाने म्हटलं असतं, बघा, किती सच्चा माणूस! मी ज्यासाठी स्वतःचं इमान विकलं त्यावरही याचंच नाव लागणार?

"तुझ्या मेंढ्याची काय बिशाद आहे?" मी ओरडलो. "उगाच भाव खाऊ नकोस. अनोर मी बुडवली."

त्याने मान वर केली.

"दुवेत मी अनोरचं नाव घेतलंच नाही. एकदाही नाही. आजाऱ्यांसाठी मागितलं, झाडांसाठी मागितलं, तुझ्या घरासाठी मागितलं. अनोरसाठी तोंड उघडलं नाही. आणि मैदानात बसून मनातल्या मनात एकच मागत होतो, त्यांनी एक गोल करावा म्हणून. कळलं? तुझ्या कानफाट्या मेंढ्याने काही होत नसतं."

बोलून टाकलं एकदाचं. लाकडाचा भुसा कोबिलजानच्या बुटांवर पडला होता, तो तिकडे बघत होता.

"का, अका?" त्याने विचारलं.

"ती माझी होती."

"एकट्याची?"

"हो. एकट्याची. तू आलास आणि नऊ हजारांची झाली."

मला वाटलं तो अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. तो उठला, बुटांवरचा भुसा झटकला आणि दारापाशी थांबला.

"मी इकडे आलो तेव्हा मला गावात कुणी ओळखत नव्हतं," तो म्हणाला. "बारा वर्षांनी कोण ओळखणार! म्हटलं, नुरमत-अका जिथे बसतात तिथे जाऊन बसू. लहानपणी तुम्ही मला गाय हाकलायला पाठवायचात, आठवतं? तुम्हाला नसेल आठवत. असू दे. मी कुणाला सांगणार नाही."

आणि खरंच त्याने सांगितलं नाही. हिवाळाभर मी चहाखान्यात जाताना दबकत जायचो. कुणी कुजबुजलं की कान टवकारायचो. पण कुणी काही बोललं नाही. उलट लोक म्हणायचे, बिचाऱ्या नुरमत-अकांना केवढा धक्का बसला. ढोल कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कोबिलजान चहाखान्यात यायचाच बंद झाला.

मार्चमध्ये खालच्या लीगचा पहिला सामना होता. सकाळी जाऊन मी मैदानावर चुन्याच्या रेघा ओढल्या. बाकांवरचे आकडे पावसाने पुसट झाले होते. चिनाराखाली तिसऱ्या रांगेत मी बसलो; पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. सगळं मला हवं होतं तसंच. हळूहळू माणसं आली. मी मोजली. बेचाळीस.

मिरसालिम आला, सलाम केला आणि विचारलं, "नुरमत-अका, कोबिलजान कुठे आहे?" त्याच्या मागून आलेल्याने तेच विचारलं. त्याच्या मागच्यानेही तेच. गोलकीपर सराव करता करता कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "अका, कोबिलजान-अका येणार आहेत ना?"

"मला काय माहीत," मी प्रत्येकाला म्हणत होतो. पंचाने शिटी वाजवली, खेळ सुरू झाला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझं मैदानाकडे लक्ष नव्हतं. मी फाटकाकडे बघत होतो.