कॅमेऱ्याबाहेरची खुर्ची

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या टाउनहाउसमध्ये सकाळपासून संग्रामचा पाय एका जागी ठरत नव्हता. वार्षिक तपासणीत त्याच्या लघवीत रक्त सापडलं होतं; डोळ्यांना दिसणारं नव्हे, मायक्रोस्कोपखाली दिसणारं. वय सदतीस. युरॉलॉजिस्टची व्हिडिओ अपॉइंटमेंट त्याच्या बायकोनेच, नीलांबरीने, घेतली होती. तेव्हा कॉलला आपण असणारच, हे तिने विचारण्याच्याही आधी ठरवून टाकलं होतं.

"मी बोलतो ना एकटा. तुझी मीटिंग असेल," संग्राम म्हणाला.

"कॅन्सल केली. तू अर्धं सांगतोस, अर्धं विसरतोस."

तिने खुर्ची ओढली ती नेमकी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, पण त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. संग्रामला घाम फुटला. कारण नेटवर वाचून वाचून त्याला एक प्रश्न पाठ झाला होता. लघवीत रक्त म्हटलं की डॉक्टर आधी सिगारेटचं विचारतात. आणि हा गृहस्थ ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज पाकीट संपवत होता. डिकीत जादा शर्ट, खिशात पुदिन्याच्या गोळ्या, असा सगळा जामानिमा होता. नीलांबरीचे वडील सिगारेटने गेले. लग्नाआधी तिने एकच गोष्ट मागितली होती, आणि त्याने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. दिला अगदी मनापासून. टिकला मात्र पहिल्या डेडलाइनपर्यंत.

स्क्रीनवर डॉक्टरीणबाई आल्या. शांत चेहरा, घाई नाही.

"प्रश्न जरा खासगी आहेत. तुम्ही खोलीत एकटेच आहात ना?"

'हो म्हण' अशा अर्थी नीलांबरीने जोरजोरात हात हलवला. तिने हात हलवला की होकार द्यायची त्याला जुनी सवय. "हो, एकटाच," तो म्हणाला, आणि सुटायची होती नव्हती ती वाटही बंद झाली.

जळजळ नाही. दुखत नाही. घरात कुणाला कॅन्सर नाही. मग आला तो प्रश्न. "सिगारेट? आता, किंवा पूर्वी कधी?"

गुडघ्याला गुडघा लागलेलाच होता.

"नेव्हर."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा सैल झाला. मग धोका कमी आहे, म्हणाल्या. दुर्बीण घालून मूत्राशय बघायची आत्ता गरज नाही, सहा महिन्यांनी लघवी पुन्हा तपासू.

कॉल संपताच नीलांबरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "किती छान झालं यार. ड्राइव्ह नाही, वेटिंग रूम नाही, सगळं नीट विचारलं त्यांनी." फोनवर रिव्ह्यूचा मेसेज आला. पेशंट किती समाधानी? तिने परस्पर पाच तारे देऊन टाकले आणि चहा टाकायला गेली. पेशंट मात्र सोफ्यावरून खिडकीशी, खिडकीपासून जिन्याशी नुसता फिरत होता. डॉक्टरांना फसवून आपण कुणाला वाचवलं, हे त्याला कळेना. भीती तर तशीच होती.

"नीलू, त्यांना मेसेज करायला हवा. मी सिगारेटचं खोटं बोललो."

तिने गॅस बंद केला. "कॉलेजमध्ये ओढायचास ते? ते माहितीये मला. पण सांगायला काय झालं होतं तुला?" तिने लॅपटॉप ओढला आणि स्वतःच टाइप करायला बसली. "कधी सोडलीस लिहू?"

कुठलंही एक साल सांगितलं असतं तरी तिने लिहिलं असतं.

"सोडली नाही. रोज एक पाकीट."

तिची बोटं थांबली. त्याच्याकडे न बघता तिने ते तसंच्या तसं टाइप केलं आणि पाठवलं. चारच्या सुमाराला उत्तर आलं: मग दुर्बिणीची तपासणी करावीच लागेल, गुरुवारी क्लिनिकमध्ये या.

"मी खोलीत नसते, तर खरं सांगितलं असतंस त्यांना?" नीलांबरीने विचारलं.

"हो."

सिगारेटपेक्षा तो होकार तिला जास्त लागला. ती उठली, खुर्ची जेवणाच्या टेबलाशी परत नेऊन ठेवली.

"गुरुवारी तू एकटा जा," ती म्हणाली. जिन्याच्या पायरीवर पाय ठेवून मग थांबली. "नाही. ड्राइव्ह मी करेन. आत तू एकटा जा."